वेगळं पांघरूण

आमच्या दुकानाला एक नियम होता, सासऱ्यांनी घालून दिलेला. जे विकायचं त्यावर आधी आपण निजायचं. गादी असो, उशी असो, चादर असो की रजई, नवा माल आला की त्यातला एक नग जिना चढून वर आमच्या खोलीत यायचा आणि काही दिवस आमच्या अंगाखाली नाहीतर अंगावर राहायचा. पसंत पडला तर तो नमुना म्हणून खाली जायचा आणि तसाच आणखी माल मागवला जायचा. नाही पडला तर सगळा परत. "आम्ही स्वतः निजून बघितलंय," एवढं सासऱ्यांनी म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. माणूस दुसऱ्याशी खोटं बोलू शकतो, पण स्वतःच्या पाठीशी नाही, असं सासरे म्हणायचे.

दुकान खाली, घर वर. आमच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने लोखंडी कठड्याची गॅलरी होती. सकाळी उठलं की रात्रीचं अंथरूण-पांघरूण त्या कठड्यावर टाकायचं, हाही नियमाचाच भाग. ऊनही लागायचं आणि जाहिरातही व्हायची. रस्त्याने जाणारी माणसं मान वर करून बघत आणि आत शिरत. "ते वर टाकलंय ना, त्यातलं दाखवा." दुसऱ्यांच्या घरात काय शिजतंय ते लोकांना वासावरून कळतं, आम्ही कशावर झोपतो ते अख्ख्या गल्लीला डोळ्यांनी दिसायचं. नवी होते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोर भांड्यांचं दुकान होतं. ते चालवणारी बाई माझ्याहून थोडी मोठी, तोंडाने फटकळ, मनाने साफ. सगळे तिला भांडीवालीच म्हणत. ती पायरीवर बसून ओरडायची, "काय वहिनी, आज गुलाबी का?" आणि मी चादरीआड तोंड लपवायची.

तरी ते दिवस चांगले होते. आज इतक्या वर्षांनी कडू-गोड वेगळं करायला बसले तर गोडाच्या बाजूला तेच दिवस येतात. नवा माल आला की हे लहान मुलासारखे धावत वर यायचे. वस्तू पाठीमागे लपवलेली. "डोळे मीट आणि हात लाव." मी बोटांनी चाचपून सांगायची, सुती आहे, लोकर आहे, रेशमाचं सोंग आहे. एकदा एक चकचकीत चादर आली होती. सकाळी मी म्हटलं, "हिच्यावर कूस बदलली की पाचोळ्यात चालल्यासारखा आवाज होतो." हे इतक्या मोठ्याने हसले की सासूबाईंनी खालून विचारलं, "काय पडलं रे?" त्याच दिवशी चादरींचा गठ्ठा परत गेला. माझ्या एका वाक्यावर! मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावेसे वाटले नाहीत. आणखी एकदा अशी मऊ गादी आली की रात्री दोघं दोन कडांना झोपलो तरी सकाळी मधल्या खड्ड्यात सापडलो. एकमेकांना ओढून काढावं लागलं. "ही विकायची नाही, आपल्याला ठेवायची," हे म्हणाले. अर्थात विकली. पण म्हणाले तरी होते.

उठल्याबरोबर यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काय, कसं वाटलं?" मला वाटायचं, मला विचारतात. फार वर्षं तसंच वाटत राहिलं.

सासरे गेल्यावर यांनी स्वतःच्या डोक्याने एक माल काढला. जोडरजई. दोन पाट जोडून केलेली, पलंगाच्या दोन्ही अंगांना लोंबेल इतकी रुंद, पिंजलेल्या कापसाने गच्च भरलेली. लग्न ठरलेल्या पोरांच्या आया ती घ्यायला यायच्या. यांचं त्यावर एक वाक्य होतं, "दोघांत एकच पांघरूण असलं की भांडण सकाळपर्यंत टिकत नाही." ते वाक्य लोक घरी घेऊन जायचे, पाठोपाठ रजईही. आमच्या कठड्यावर बाकी काही असो-नसो, ती तांबडी जोडरजई रोज असायचीच. पुढेपुढे लोक दुकानाचा पत्ता सांगताना पाटीचं नाव घेत नसत. तांबडी रजई टाकलेली दिसेल तिथं वळा, असं सांगत.

पन्नाशीच्या अलीकडे माझं अंग बदललं.

झोपेत छातीच्या मधोमध कुणी निखारा ठेवावा तसं व्हायचं. तो निखारा गळ्याशी चढायचा, मग गालांवर, मग पार कानांच्या पाळ्यांपर्यंत. मान आणि पाठ घामाने निथळायची. मी लाथ मारून रजई उडवायची. घाम वाळतो न वाळतो तोच हुडहुडी भरायची, दात वाजायचे, आणि तीच रजई परत ओढून घ्यावी तर ती आतून ओली आणि गार. भट्टीतून काढून विहिरीत टाकावं, तसं. आणि रजई पडली दोघांची. मी उडवली की यांच्या पाठीला वारा, मी ओढली की यांचे पाय उघडे.

"रात्रभर कुस्ती कुणाशी चालली होती?" हे सकाळी विचारायचे.

"उकडत होतं."

"या थंडीत?"

"बाहेरून नाही हो. आतून उकडतंय."

यांनी रजईचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला. "कापूस तर नवाच भरलाय," म्हणाले.

दुसऱ्या कुणाचा नवरा बायकोच्या कपाळाला हात लावून बघेल. माझ्या नवऱ्याने रजईच्या कपाळाला लावला. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका. या वयात बाईच्या अंगातलं हवामान बिघडतं. काही वर्षं चालेल, मग आपोआप थांबेल. औषध देते, पण आधी अंथरूण बदला. जाड एकाऐवजी पातळ दोन पांघरुणं घ्या, म्हणजे एक काढता येतं, एक ठेवता येतं. फोमची गादी नको. आणि तुमचं पांघरूण वेगळं, यजमानांचं वेगळं." मग हसून म्हणाल्या, "तुम्हाला मी काय सांगणार म्हणा, तुमच्या घरात तर गाद्यांची खाणच."

मलाही तसंच वाटलं. नदीकाठी राहून तहान कशाची? घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात चादर निवडूनसुद्धा ठेवली होती.

यांनी सगळं ऐकलं. पण कानात शिरलं ते एकच. "वेगळं पांघरूण?"

"हो. तुम्हालाही झोप लागेल, मलाही."

"आणि सकाळी कठड्यावर दोन पांघरुणं दिसली की? समोरची भांडीवालीच पहिली बोंब मारेल, जोडरजईवाल्याच्या घरात फाटलं म्हणून. अगं, धंदा बसेल."

"मग माझं नका टाकू कठड्यावर."

"न टाकून कसं चालेल? घामाचं पांघरूण उन्हाशिवाय वास मारतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "बघू. आधी तुला नेमकं काय सोसतं ते शोधून काढू. मी आहे ना."

मी आहे ना. या तीन शब्दांवर बायका काय काय सोसतात, त्याची यादी कुणी करत नाही ते बरंच आहे.

पण हे खरोखर कामाला लागले. दर आठवड्याला काहीतरी नवीन जिना चढून येऊ लागलं, आणि ते फक्त माझ्या बाजूला अंथरलं जायचं. कधी अर्धीच गादी, कधी चादर, कधी उशी, कधी पातळसं पांघरूण. चार-आठ दिवस माझ्याजवळ राहायचं, मग नमुना म्हणून खाली जायचं, आणि माझ्यावर परत तांबडी जोडरजई. सकाळी डोळे उघडतात तोच यांचा प्रश्न, "काय, कसं वाटलं?" मध्ये कित्येक वर्षं हा प्रश्न नुसता सवयीने यायचा. आता परत जीव ओतून यायला लागला. "कुठून सुरू झालं? मानेपासून? घाम आधी की धडधड आधी? चादर चिकटली का? कूस बदलताना सुटली का?"

मी सांगायची. भडाभडा सांगायची. फोम तव्यासारखा तापतो आणि तापलेला राहतो. चकचकीत कापड अंगाला लागताना गार वाटतं, पण घाम आला की जळवेसारखं चिकटतं. जाड सुती चादर घाम पिते पण ओकत नाही, ओली ती ओलीच राहते आणि मग थंडी वाजवते. पातळ, पुष्कळदा धुतलेली सुती चादर लवकर वाळते. वर पांघरायला लोकर, पण अगदी पातळ. लोक हसतील, पण ती भिजली तरी गार पडत नाही. पायांकडे पांघरूण गादीखाली खोचायचं नाही, कारण अंग तापलं की आधी पाय पळ काढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ध्या झोपेत, डोळे न उघडता, एका हाताने बाजूला सारता आलं पाहिजे. शेजारच्याची झोपमोड होईल ही धास्ती नको. ती धास्तीच अर्धी झोप खाते.

हे मान तिरकी करून ऐकायचे. अगदी पहिल्या दिवसांतल्यासारखे. मी भांडीवालीला कौतुकाने सांगितलं की हे रोज माझ्या घामाची चौकशी करतात.

ती म्हणाली, "तब्येत बरी आहे ना गं त्यांची?"

"तुला मेलीला चांगलं बघवतच नाही."

"बघवतं गं. पण या वयात नवरा एवढे प्रश्न विचारायला लागला की दोनच कारणं. एकतर त्याला काहीतरी लपवायचंय, नाहीतर काहीतरी विकायचंय."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शेवटी जुळलं. खाली कापसाची चापून भरलेली पातळ गादी, तिच्यावर मऊ धुवट चादर, वर एक सुती आणि एक लोकरीचं पांघरूण, दोन्ही एकेरी, आणि दोन अंगांनी वापरता येईल अशी उशी. तो आठवडा मला अजून आठवतो. अंगातली आग काही थांबली नव्हती. ती यायची, मी झोपेतच लोकर सरकवायची, ती जायची, मी लोकर ओढायची. कुणाशी मारामारी नाही, कुणाची माफी मागणं नाही. सकाळी उठले तर पाखरांचा आवाज ऐकू आला. पाखरं रोजच असणार; ऐकणारी नव्हती. मी यांना म्हटलं, "सापडलं बरं का. हेच. आता काही बदलू नका."

"हेच ना? नक्की?" यांचे डोळे चमकले. तो संच खाली गेला.

एका दुपारी मी चहा घेऊन खाली दुकानात गेले. समोर माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, कागदाची घडी करून वारा घेत होत्या. हे त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत होते. डॉक्टर बोलतात तसे.

"छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं होतं ना ताई? आणि मग चढत चढत कानांच्या पाळ्यांपर्यंत?"

बाई चपापल्या. "अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या घरातच आहे ना. सगळं बघितलंय." मग यांनी चादर उलगडली. माझी चादर. "ही भिजली तरी लवकर वाळते. वरची लोकर बघा, हसू नका, भिजली तरी गार पडत नाही. खोचायची मात्र नाही, पाय मोकळे राहू द्यायचे. अर्ध्या झोपेत एका हाताने सरकवता आली पाहिजे."

"पण वेगळं पांघरूण म्हणजे... घरच्यांना काय वाटेल?"

"वाटू दे. पांघरूण वेगळं झालं म्हणून मनं वेगळी होत नाहीत, ताई. आमच्या हिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तू तुझं वेगळं घे, तुझी झोप महत्त्वाची."

माझ्या हातातल्या चहावर साय धरली. तळपायाची आग मस्तकात गेली; ती रागाची की वयाची, ते मलाही सांगता आलं नसतं. बाईंनी संच घेतला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नशीब काढलंत हो." हे नुसते हसले. माझ्या हातातला कप घेतला आणि म्हणाले, "गार झालाय की."

संध्याकाळी मी भांडीवालीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ पातेली पुसत राहिली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण," ती म्हणाली.

"कोरडा कुठला? रोज भिजतेय मी."

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. मग तिने डोळे पुसले. "घरोघरी मातीच्या चुली, वहिनी. मी स्टीलची भांडी विकते एवढंच. पण तू माग. तोंड उघडून माग. दिसत नाही त्यांना."

दिसत नाही, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. म्हणून मी मागितलं.

"मला तो संच हवा. कायमचा."

"देतो की," हे म्हणाले. "आत्ता आहेत ते सगळे गिऱ्हाइकांना बोललेले आहेत. घरच्याला काय, कधीही."

पुढची खेप आली, ती गेली. त्याच्या पुढची आली, तीही. बायका बायकांना सांगत होत्या, लांबून लांबून येत होत्या. मी विचारलं की यांचं तेच, घरच्याला काय, कधीही. कधीही याचा अर्थ कधीच नाही, हे समजायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. जोडरजई आमच्या पलंगावरून हलली नाही. आणि एक दिवस हे नवी चादर घेऊन वर आले. कसल्यातरी कृत्रिम धाग्याची.

"ही बघ आज."

"कशाला? मला काय सोसतं ते सापडलंय. तुम्हीच तर विकताय."

"ते सापडलं गं. पण याच्याहून चांगलं असेल तर?"

"मला याच्याहून चांगलं नको. मला हेच द्या."

हे हसले. "तू निवांत झोपायला लागलीस तर मला कोण सांगणार?"

थट्टेत म्हणाले. पण यांच्या थट्टेत माल कधी खोटा नसायचा.

मी ती चादर अंथरली नाही. घडी होती तशीच खुर्चीवर ठेवली. सकाळी यांनी विचारलं, "काय, कसं वाटलं?" मी केस विंचरत राहिले. त्या दिवसापासून त्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर गेलं नाही.

त्याच सुमारास शाळेतल्या एक बाई जिना चढून वर आल्या. गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या, फार गोड बोलणाऱ्या. आमच्याकडून संच घेतला होता. "म्हटलं, तुम्हाला भेटूनच जावं. तुमच्या यजमानांनी तुमच्याबद्दल इतकं सांगितलं! वर्गात मुलांवर खेकसायची हो मी, झोप नसल्यामुळे. आता माणसात आले. तुमचा अनुभव आमच्या कामी आला."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "या, बघा तरी कुठे निजते मी." आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं.

पलंगावर जोडरजई पसरलेली होती. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "ही पाहुण्यांची खोली का?"

"नाही. आम्ही इथंच निजतो."

"मग तुमचं ते... पातळवालं?"

"खाली आहे. दुकानात."

बाईंनी रजईवर हात ठेवला. तिचं वजन त्यांना हाताला कळलं असणार. त्यांनी तो लगेच काढून घेतला. चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, आता खाली जाऊन यांना विचारतील. चारचौघांत विचारतील. बाहेरच्या माणसाने विचारलं तर लाज वाटेल यांना. मी तेवढ्यासाठीच नेलं होतं त्यांना आत.

"पण काही म्हणा हं," बाई शेवटी म्हणाल्या, "माल चांगला आहे तुमचा." आणि चप्पल घालून गेल्या. पुढे बहिणीसाठी आणखी एक संच घेऊन गेल्याचं कळलं.

मग मी बाहेरच्या माणसाची वाट बघणं सोडलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानात चार बायका बसल्या असताना, मी खाली गेले, फळीवरचा संच उचलला आणि छातीशी धरून जिन्याकडे निघाले. गिऱ्हाइकांसमोर हे काय बोलणार? क्षणभर यांचा चेहरा पडला. लगेच सावरला. "बघा," हे बायकांना म्हणाले, "जुना झाला की लगेच नवा नेते. आमच्या हिला याच्याशिवाय चालत नाही."

बायका हसल्या. एकीने विचारलं, "वहिनी, खरंच गुण येतो का हो?"

मी पायरीवर थांबले. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? आणि खरं तरी काय होतं? गुण तर येत होता. "येतो," म्हटलं आणि वर गेले.

मागच्या बाजूला एक खोली होती. कापसाची पोती, जुन्या खोळी, मोडकी पेटी असं सामान तिथं असायचं. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. मी पोती रचून एका कोपऱ्यात सारली आणि मोकळ्या जागेत माझं अंथरूण घातलं. दुकान बंद करून हे वर आले, दारात उभे राहिले.

"हे काय मांडलंयस?"

"अंथरूण. पाहून पाय पसरतेय."

हे आरडाओरडा करणारे नव्हते. गिऱ्हाइकाशी सौदा तुटायला आला की हे असे गप्प व्हायचे. मग म्हणाले, "ठीक आहे. नीज इथं. पण यातलं काही कठड्यावर दिसता कामा नये."

"घामाचं अंथरूण आहे. तुम्हीच म्हणता, याला रोज कडकडीत ऊन हवं."

"ते गिऱ्हाइकांना."

"आणि मी कोण?"

"तू घरची," हे म्हणाले.

मी कबूल झाले. झोपेची भूक पोटाच्या भुकेहून वाईट. माणूस वाटेल त्यावर अंगठा उठवतो. त्या खोलीत मी झोपले, खोटं कशाला बोलू, अगदी गाढ झोपले. आग यायची, जायची, मला उठवायची नाही. पण सकाळी दमट चादर दोरीवर पसरायची ती त्याच खोलीत, पोत्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये. ती वाळायची, पण उन्हाने वाळलेल्या कापडाचा वास तिला कधी आला नाही. कोंदट, कापूस कुजल्यासारखा वास यायचा. दोनदा-तीनदा माझ्या पाठीवर पुरळ उठलं. आणि समोरच्या अंगाला, रोजच्या रोज, हे एकट्याने वापरलेली तांबडी जोडरजई स्वतः उचलून कठड्यावर ऐसपैस टाकायचे. लोक मान वर करून बघायचे. लग्न ठरलेल्या मुलींच्या आया आत शिरायच्या. भांडीवालीला सगळं ठाऊक होतं. ती पायरीवरून वर बघायची आणि पूर्वीसारखी ओरडायची नाही.

नंतर काही वर्षं असंच चाललं. कुणी कुणाशी भांडलं नाही. जेवायला एकत्र बसायचो, दुखलं-खुपलं विचारायचो. यांच्या खोकल्याचा काढा मी करायची, माझ्या चष्म्याचा नंबर हे लक्षात ठेवायचे. पाहुणे आले की मी माझं अंथरूण गुंडाळून पोत्यांमागे ठेवायची आणि पलंगाच्या कडेवर जागी पडून राहायची. लोकांनी आम्हाला आदर्श जोडपं म्हटलं. एका लग्नात तर नवरा-नवरीला आमच्या पायांवर घातलं.

मग अंगातली आग जशी न विचारता आली तशीच न सांगता गेली. आधी दोन-चार दिवसांआड, मग महिन्यातून कधीतरी, मग नाहीच. एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की लोकरीचं पांघरूण मी रात्रभर एकदाही सरकवलेलं नाही. उलट पहाटे गारठा जाणवायला लागला होता. मी कुणाला काही बोलले नाही. पण घरात राहणाऱ्या माणसाला कळतंच.

त्या हिवाळ्यातल्या एका दुपारी हे मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात जोडरजईचा गठ्ठा होता. तोवर यांचे केस पार पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. मी खोळी निवडत बसले होते.

"थांबलं ना तुझं ते?" यांनी विचारलं.

"थांबलं."

"रात्री गारठतेस. खोकत होतीस पहाटे."

"हं."

हे तसेच उभे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "रजई फार मोठी पडते," हे म्हणाले.

माझे हात थांबले. इतक्या वर्षांत एवढं जवळ आलेलं वाक्य यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मला त्या खड्ड्याच्या गादीवरचे दोघंजण दिसले, एकमेकांना ओढून काढणारे. एवढं सगळं होऊनही, यांनी नुसतं 'ये' म्हटलं असतं तर मी गेले असते. म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं असं कधी वाटत नाही मला. विचारलं म्हणून कळलं.

"मी हवी आहे म्हणून सांगताय, की रजईसाठी?"

यांनी घाईने उत्तर दिलं नाही. विचार केला. मालाच्या बाबतीत हे कधी खोटं बोलले नाहीत, त्या दुपारीही नाही. रजई अर्धी उलगडून यांनी मला मधला जोड दाखवला. दोन पाट जिथे शिवलेले होते तिथे वीतभर उसवलं होतं, आतला कापूस डोकावत होता.

"एकानेच वापरली की सगळा ओढा एका बाजूला येतो," हे म्हणाले. "हे असं होतं मग. कठड्यावर टाकली की दिसतं."

मी पेटीतून जाड सुई काढली. खिडकीशी जाऊन, होता तेवढ्या उजेडात, तिच्यात दुहेरी दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि यांच्या हातात दिली. मग यांचा पाय उंबऱ्याबाहेर गेल्यावर दार लावून घेतलं.